न चाखलेले कपकेक

कपकेक हा प्रकार मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, केक करायला घेतला, पीठ कमी पडलं, म्हणून वाट्यांत भागवला. सुनेला तसं बोलूनही दाखवलं. ती हसली नाही. त्या दिवसांत तिचं हसणं बंदच होतं. अंधेरीच्या ऑफिसातून बिनपगारी रजा घेऊन ती घरी बसली होती आणि माझे पिठाचे डबे खाली उतरवून त्यांच्या जागी तिने ओव्हन मांडला होता.

ऑफिस विम्याचं. कानाला फोन लावून लोकांना त्यांचे पैसे का मिळणार नाहीत ते गोड आवाजात सांगायचं, हे तिचं काम. सकाळी मुलुंडहून घाटकोपर, तिथून मेट्रोने अंधेरी, संध्याकाळी तेच उलटं. घरी येईपर्यंत गोड आवाज सगळा संपलेला असायचा, आम्हाला उरायचा तो तळाचा गाळ. एक दिवस जेवताना तिने सांगितलं, मला हे आता होत नाही, मी कपकेक करून विकणार. माझा मुलगा जेवताना मोबाइल बघत होता, तो त्याने खाली ठेवला. त्याने मोबाइल खाली ठेवला म्हणजे गोष्ट मोठी आहे असं आमच्या घरात समजतात.

भांडण झालं नाही. आमच्या घरात भांडण होत नाही, मुदती पडतात. मुलगा म्हणाला, गणपतीपर्यंत करून बघ. तोवर एखादी मोठी ऑर्डर आली तर पुढचं बोलू, नाही तर गणपती उठले की ऑफिस. ऑफिसनेही रजा तेवढीच दिली होती आणि विसर्जनानंतरच्या सोमवारी येणार की नाही ते कळवायला सांगितलं होतं. सून मान खाली घालून हो म्हणाली. तिच्याकडे बघून कोणालाही कळलं असतं की ती परत त्या खुर्चीवर बसली तर पुन्हा उठणार नाही.

मला कोणी विचारलं नाही. मी चौथी शिकलेली बाई, त्यात सासू. पण स्वयंपाकघर माझं होतं.

आता चॉकलेटचे कपकेक करणाऱ्या बायका आमच्या रस्त्यावर भाजीवाल्यांपेक्षा जास्त झाल्या आहेत. सुनेलाही ते माहीत होतं. म्हणून तिने ठरवलं की आपण आपल्या आवडीच्या खाऊचे कपकेक काढायचे, जे कुठेच मिळत नाहीत. ते कुठेच का मिळत नाहीत, याचा विचार तिने केला नाही.

सुरुवात माझ्यापासून. तुम्हाला लहानपणी काय आवडायचं, म्हणून तिने विचारलं. मी म्हटलं खाजा. आमच्या मालवणकडे जत्रेत मिळतो, बेसनाच्या काड्या गुळात घोळवलेल्या, आल्याचा ठसका असलेल्या. दात होते तोवर मी तो कडाकडा खायचे. तिने खाज्याचे तुकडे केकच्या पिठात घातले. भट्टीत गुळाचा दगड झाला. माझ्या मुलाच्या दाढेत भरलेलं सिमेंट एका घासात निघून आलं. ते परत बसवायला डेंटिस्टकडे जावं लागलं. तेवढ्या पैशांत बाजारातून आख्खा केक आला असता.

मग सोलकढी. रंगाला फार सुंदर, गुलाबी क्रीम. सोलकढीत लसूण असते हे ती विसरली असती तर बरं झालं असतं, पण ती प्रामाणिक मुलगी. तिने लसूण घातली. त्यानंतर तिच्या डोंबिवलीच्या शाळेबाहेरचा बर्फाचा गोळा, कालाखट्टा. त्याचा कपकेक तिने पाहुण्यांवर आजमावला. पाहुणे जांभळ्या दातांनी हसत जिना उतरले आणि परत आले नाहीत, हा त्यातल्या त्यात फायदा. मग वडापाव. त्याच्यात पाव गोड, बटाटा थंड आणि वर चटणीची क्रीम. मुलाने घास घेतला, बराच वेळ चावला आणि म्हणाला, "इंटरेस्टिंग आहे." नवरा बायकोच्या हातचं खाऊन इंटरेस्टिंग म्हणाला की वाट लागली समजावं.

या सगळ्यात माझा माशाचा तवा गेला. बटर म्हणे आजूबाजूचा वास ओढून घेतं. एकदा मी सुके बोंबील भाजले त्या दिवशीच्या व्हॅनिला कपकेकना बंदराचा वास आला, हे मलाही नाकारता आलं नाही. त्यानंतर भट्टीच्या दिवशी घरात मासा नाही, असा नियम झाला, आणि भट्टी रोज असायची. मी गिरणीत राबणाऱ्या माणसाच्या संसारात एका खोलीत सहा माणसांचा स्वयंपाक केला, वर शेजारणीला कालवण दिलं. आणि आता स्वतःच्या घरात बोंबलासाठी सुनेच्या तोंडाकडे बघायची पाळी. श्रावण लागला तेव्हा मला बरंच वाटलं. सगळ्यांचाच मासा बंद, निदान अपमान तरी एकटीचा नाही. मी मनात धरलं होतं, गणपती उठले की मासाही सुरू आणि ओव्हनही माळ्यावर. कोणी पाप म्हणो, मी तिची ऑर्डर येऊ नये म्हणून वाट बघत होते.

पण ऑर्डर दारापर्यंत आली. आमच्या सोसायटीच्या कमिटीत तळमजल्यावरची एक बाई आहे. कमिटीत सात जण आहेत, पण चालते तिचीच. तिच्या मुलीचा साखरपुडा नवरात्रात ठरला होता आणि तिला जेवणानंतर ताटात काहीतरी वेगळं हवं होतं. गुलाबजाम नको, रसमलाई नको, मराठी हवं पण फोटोत छान दिसणारं हवं. सून तिला खाली जाऊन भेटून आली. कमिटीबाईने सांगितलं, सोसायटीच्या गणपतीत दुसऱ्या दिवशीचा प्रसाद तुमच्या घराचा आहे ना, त्यात मोदकाचा कपकेक ठेव, सगळ्यांना आवडला तर दीडशे तुझेच.

झालं. तेव्हापासून घरात रोज मोदकाचे कपकेक. वर मैदा आणि तांदळाच्या पिठीचा गोड केक, आत ओल्या नारळाचं आणि गुळाचं सारण, त्याच्यावर आटवलेल्या दुधाची गोड क्रीम, क्रीमवर पुन्हा गुळाची धार. खाल्ला की कानशिलं तापायची. मी म्हटलं, गोडावर गोड, त्याच्यावर गोड, हा मोदक नाही, ही शिक्षा आहे. ती म्हणाली, मग काय कमी करू ते सांगा. मी म्हटलं, कपकेकच कमी कर. ती उठून आत गेली. तेव्हा मी याहून उपयोगाचं काही बोलू शकले असते की नाही, ते मला माहीत नाही. खाल्लं की बिघडलंय एवढं मला कळतं, कुठे बिघडलंय ते शोधायला जीभ लागते तशी सवडही लागते, आणि मला तिला मदत करायचीच नव्हती.

प्रसादाच्या दिवशी मात्र मी मदतीला बसले, कारण प्रसाद घराचा होता. नारळ खवायचा आणि सारण करायचं काम माझं. अंडं वगैरे प्रश्न नव्हता, ते ती दह्यावरच करायची. अडचण आली ती चमच्याची. तिला दर दोन मिनिटांनी चमचा पिठात बुडवून चाटायची सवय. मी तो तिच्या हातातून काढून घेतला. नैवेद्य दाखवायच्या आधी चाखायचं नाही, एवढं तरी माहेरी शिकवलं असेल.

ती म्हणाली, "आई, हे बेकिंग आहे. न चाखता कसं कळणार?"

"आमटीत मीठ बरोबर पडलंय हे मला चाळीस वर्षं न चाखता कळतं. नैवेद्याची आमटी मी कधी चाखलेली नाही."

"आणि बिघडलं तर?"

"देव बोलून दाखवत नाही."

ती चिडली, पण दिवस गणपतीचे आणि समोर सासू, त्यामुळे ऐकलं. ती पुढच्या तयारीला लागली. तेवढ्यात कमिटीबाई दाराशी आली. आरती किती वाजता, हार कोण आणणार, गुरुजींना चहा कोणाकडे, असं दारातच बराच वेळ बोलत राहिली. सून हातात गाळणी घेऊन हो हो करत उभी. ती परत आली तोवर ओव्हन तापून शिट्टी मारत होता. घाईघाईने पीठ साच्यांत ओतलं गेलं, मध्ये सारण भरलं गेलं. मी खवणीवर होते, माझी पाठ तिकडे. भाजून निघाले ते पांढुरके निघाले. एरवी तांबूस रंग यायचा. ती काळजीत पडली. मी म्हटलं, मोदक पांढराच असतो, गप्प वर क्रीम लाव.

संध्याकाळी आरती झाली, नैवेद्य दाखवला आणि प्रसाद वाटला. आता प्रसादाला नावं ठेवायची नाहीत, ही आपल्या लोकांची फार सोयीची शिस्त आहे. आमच्याच इमारतीत एका घराचा शिरा दर वर्षी गुठळ्यांचा असतो. लोक कपाळाला लावतात, डोळे मिटतात आणि गिळतात. त्या घरच्या बाईला वाटतं, काय तल्लीन होऊन खातायत, आणि पुढच्या वर्षी ती दुप्पट शिरा करते. तेव्हा सगळे जण माझ्या सुनेला छान छान म्हणाले त्याला मी काडीची किंमत दिली नाही. मांडवातल्या दिव्यांच्या उष्णतेने क्रीम ओघळली होती, ती पोरांनी चाटून टाकली. पोरं कागदही चाटतात.

मीही एक खाल्ला. क्रीम बोटाने बाजूला सारली आणि खाल्ला. मग कोणी बघत नाही असं पाहून दुसरा घेतला. सून माझ्याकडे बघत होती, मी मूर्तीकडे बघितलं.

कमिटीबाईने सगळ्यांसमोर जाहीर केलं की साखरपुड्याला हेच, अगदी अस्सेच, दीडशे. सुनेचा चेहरा इतका फुलला की मला दुसरीकडे बघावं लागलं. मुलाने तिच्या पाठीवर हात ठेवला. चारचौघांत त्याने असं काही केलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चटणीसाठी मिक्सरचं भांडं काढलं, झाकण उघडलं आणि तशीच उभी राहिली. भांड्यात पिठीसाखर होती, भरून. कपकेकच्या पिठात घालायची म्हणून तिने दळून ठेवली होती, मग दाराची बेल वाजली होती. सगळ्या घाण्याची साखर तिथेच राहिली होती. देवाने बोलून दाखवलं नाही आणि चमचा माझ्याकडे होता.

ती स्टुलावर बसली. रडली वगैरे नाही, नुसती त्या साखरेकडे बघत बसली. मुलगा आंघोळीला गेला होता. मग ती सावकाश हिशोब लावल्यासारखी बोलू लागली. म्हणजे सगळ्यांनी फिकं खाल्लं. प्रसाद म्हणून गिळलं आणि वर कौतुक केलं. कमिटीबाई सगळ्यांसमोर बोलून बसली, आता तिला मागे येता येणार नाही, साखरपुड्यात दीडशे माणसांसमोर आपलं हसं होणार. त्यापेक्षा आजच तिला खाली जाऊन खरं सांगते, ऑर्डर नको म्हणते आणि ऑफिसला कळवते की सोमवारी येते. ऑफिसचं बोलताना तिचा आवाज तोच झाला, फोनवरचा गोड.

मग तिने मला विचारलं. "तुम्ही खाल्लात ना काल? तुम्ही कोणाला बरं वाटावं म्हणून बोलत नाही. फिका होता ना?"

मला फक्त हो म्हणायचं होतं. एवढं एक अक्षर, आणि खोटं म्हणावं तर तेही अर्धंच, कारण केक फिकाच होता. हो म्हटलं असतं तर ओव्हन माळ्यावर, डबे जागेवर, तवा गॅसवर. कोणी मला बोल लावला नसता. उलट म्हातारी खरं बोलली म्हणून नाव झालं असतं. मी पोह्यांची कोथिंबीर निवडत होते, ती आधी सगळी निवडून संपवली. मी देवमाणूस नाही. पण चांगल्या पदार्थाला वाईट म्हणायला मला कधी जमलेलं नाही, जसं वाईटाला चांगलं म्हणायला जमत नाही. ही खोड आहे, गुण नव्हे, आणि या खोडीने माझं आयुष्यात नुकसानच केलंय.

मी म्हटलं, "मोदकाच्या पारीत साखर कोण घालतं?"

तिने साखरेवरून नजर उचलली. मी म्हटलं, उकडीची पारी असते ती फिकीच, चिमटीभर मीठ आणि तुपाचा हात. गोड असतं ते आतलं सारण. वरचं फिकं म्हणून आतलं गोड लागतं. महिनाभर तू केकच गोड करत होतीस म्हणून सारणाची चव कळत नव्हती. काल कळली. मलाही कालच कळली, खाल्ल्यावर. चांगला होता.

तिचा विश्वास बसला नाही. मला राग आला तो याचाच. इतकी वर्षं मी तिच्या भाकरीला, कपड्यांना, तिच्या आईने पाठवलेल्या लोणच्याला नावं ठेवली, तेव्हा तिने एकदाही शंका घेतली नाही. आणि जन्मात एकदा बरं बोलले तर म्हणते, आई, माझी समजूत काढू नका. माझी कीव करू नका.

तेव्हा मी तिला नीट सांगितलं.

"कीव कसली? ती क्रीम भिकार आहे. साबणाच्या फेसासारखी. वेलची तू दुप्पट घातलीस, अत्तर लावल्यासारखं वाटलं. तळ चिकट होता, कागद सोलता सोलता अर्धा केक कागदालाच गेला. दह्याचा आंबूसपणा उरला होता, तो साखर नसल्यामुळे जास्तच कळला. आणि मीठ नव्हतं. मीठ नसेल तर ती पारी नाही, नुसता पाव आहे. एवढं सगळं असून मी दोन खाल्ले."

ती एकेक ऐकत गेली तसतसा तिचा चेहरा उजळत गेला. शिव्या खाऊन माणूस असं खुलताना मी पाहिलं नव्हतं. दोन खाल्लेत, असं तिने पुन्हा विचारलं. मी म्हटलं, दुसरा चोरून.

पुढचं सगळं फोनवर झालं. आधी कमिटीबाईला. सुनेने तिला खरं सांगितलं की साखर राहिली होती. पलीकडून म्हणे उत्तर आलं की अगं, आमच्या घरात निम्म्या लोकांना शुगर आहे, मला वाटलं तू मुद्दामच केलंस, काही बदलू नकोस. फक्त क्रीम काढायचं म्हटल्यावर ती अडून बसली, फोटोत मग काय दिसणार. शेवटी वर केशराच्या दोन काड्या आणि तुपाचं बोट यावर मिटलं. नंतर ऑफिसला. तिथे तिने गोड आवाज लावला नाही. येणार नाही म्हणाली, दोन वाक्यांत, आणि फोन ठेवून मग हात पुसत बसली, हात कोरडे असताना.

मुलगा टॉवेल गुंडाळून बाहेर आला तोवर त्याची मुदत संपून गेली होती. त्याने माझ्याकडे बघितलं, मी काहीतरी बोलेन म्हणून. एरवी मी बोलतेच. मी म्हटलं, पोहे गार होतायत.

दुपारी तिने पुन्हा एक छोटा घाणा लावला, या वेळी साखर मुद्दाम वगळून. वेलची अर्धी, दही कमी, साच्यांना तूप जास्त. नैवेद्याचा नव्हता, तेव्हा चमचा तिच्याच हातात होता. पण तिने स्वतः चाखलं नाही. निघाल्या निघाल्या पहिला कपकेक बशीत घालून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, बोला आता. जीभ भाजेल म्हणून मी जरा थांबले. तिला धीर नव्हता, ती उभीच. मी कागद काढला, तो नीट निघाला. मोडून वरचं खाल्लं, मग आतलं, मग दोन्ही एकत्र.

"मीठ कमी आहे," मी म्हटलं.

ती मिठाचा डबा काढायला वळली.